मास्तरांच्या गच्चीवरची केबल

काम तसं किरकोळ होतं. मास्तरांच्या गच्चीवरच्या अँटेनाची केबल बदलायची. मला हौशी रेडिओचा, घरच्या सेटवरून लांबलांब संदेश धाडायचा नाद लावला तो मास्तरांनी. ते जाऊन सहा महिने झाले होते. पण रोज दुपारी तीनला त्यांच्या सेटमधून अस्पष्ट टकटक येते, ते बोलावतात, म्हणून काकू घर सोडून लेकीकडे जायला तयार नव्हत्या. लेक रडकुंडीला आली होती. “दादा, आईला एकदा दाखवा ना, बिघाड आहे म्हणून.”

मी म्हटलं, दाखवतो की. चांगल्या सोल्डरिंगपुढे टिकलेलं भूत चाळीस वर्षांत माझ्या पाहण्यात नाही.

केबल जाडजूड निवडली. बारकी केबल निम्मा आवाज वाटेतच गिळते. कनेक्टर घट्ट आट्यांचे, पाणी न शिरणारे. जुनी केबल कापली, तर आतलं तांबं काळंहिरवं पडलेलं, आणि थेंब थेंब पाणी. वास कुबट, दवाखान्यातल्यासारखा.

“हे घ्या काकू, तुमचं भूत. पाणी शिरलंय.”

काकू त्या थेंबांकडे बघत राहिल्या. “शेवटी त्यांच्याही छातीत पाणीच साठलं होतं...”

मला वाईट वाटलं, पण हात थांबवले नाहीत. गच्चीवरचा कनेक्टर जोडला, वरून टेप गुंडाळली, खाली येऊन दुसरं टोक सेटला लावलं. पक्कड वरच राहिली. तीनला दोन मिनिटं होती.

“आता ऐका. काही येणार नाही.”

खोलीत घड्याळ तेवढं वाजत होतं. मग... कट्ट. कडकट्ट.

मी सेट बंद केला. प्लग उपसून हातात धरला. कडकट्ट चालूच.

“आज किती स्पष्ट येतंय रे...” काकू कुजबुजल्या. “मला ती भाषा कळत नाही. काय म्हणतायत?”

मला कळत होती. तारेची ती मोर्स लिपी, मास्तरांनीच शिकवलेली. काकूंचं नाव त्यात कुठेच नव्हतं. प्रत्येक रेडिओवाल्याचं असतं तसं माझं संकेतनाम होतं, पुन्हा पुन्हा, आणि पुढे दोनच शब्द: वर ये.

“लेकीकडे जा म्हणतायत,” मी सांगितलं. काकूंनी डोळे पुसले आणि त्याच आठवड्यात गेल्या.

पक्कड अजून त्या गच्चीवरच आहे. मी भितो असं नाही. नवी घेतली, एवढंच. घरच्या सेटला मात्र हल्ली मास्तरांची ती जुनी, पाणी शिरलेली केबलच लावतो. तीन वाजता नुसती टकटक येते. अक्षरं लागत नाहीत, तेवढं बरं.