टेपचं दुसरं टोक

दिव्याजवळ सरकून बस. सांगते, पण मध्येमध्ये बोलायचं नाही.

परकीय अंमलातलं ते जुनं तारघर पाडायचं घाटत होतं. आमचा अभ्यास नकाशासकट वेळेत पोचला, तरच ते वाचणार होतं. जन्मभर आम्ही दोघांनी अशाच इमारती मोजल्या. टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं ह्यांच्याकडे. टेपचे सुरुवातीचे आकडे झिजलेले, म्हणून हे दहा सेंटिमीटरच्या खुणेवर धरायचे आणि मी मापातून दहा वजा करायची. 'नवा घ्या हो' म्हटलं की म्हणायचे, "जुनी बायको चालते, मग टेपनं काय घोडं मारलंय?" मेलं बोलणं!

बाहेरच्या भिंती मोजून झाल्या आणि हे गेले. एक सोडून आतल्या सगळ्या खोल्या मी एकटीनेच उरकल्या. नवाकोरा टेप, टोक खिळ्याला अडकवलेलं, वजाबाकीची कटकट नाही.

लेक नकाशा काढायला बसली. "आई, घोळ आहे. प्रत्येक खोली दहानं मोठी येतेय. बाहेरच्या भिंतीत मावतच नाहीत."

"डोळे तपासून घे," मी खेकसले.

तिनं मापं पुन्हा ताडून पाहिली. मग हळूच म्हणाली, "आई... टोक खिळ्यालाच होतं ना?"

मी वही ओढून घेतली. प्रत्येक मापात तेच जास्तीचे दहा, ह्यांच्या खुणेचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गेले. एकच खोली राहिली होती, यंत्रांची, लांबलचक. झडपा बंद, ओल्या चुन्याचा वास. टोक खिळ्याला अडकवून मागे मागे सरकत आले. पलीकडची भिंत अंधारात दिसेनाशी झाली. इतका लांब टेप मध्ये झोळ खायचाच. पण तो ताठ झाला.

"अहो..." मी अंधाराकडे बघत म्हटलं. "नवा टेप आहे हा... शून्यावर धरा."

टेपला दोन हलके हिसके बसले. तयार असले की हे असेच द्यायचे. मी रडत रडत माप टिपलं. ते माप नकाशात चपखल बसलं, बाकी खोल्यांतून दहा वजा केले, तारघर वाचलं. पण ते सगळं नंतर.

माप टिपलं की मी 'सोडा' म्हणायची आणि हे सोडायचे, ही आमची रीत. आता ह्यांना धरायला काहीच उरणार नव्हतं. जीव तुटत होता, तरी म्हटलं, "सोडा आता..."

टेप सुटला नाही. उलट माझ्याच हातातून हळूहळू पलीकडे सरकू लागला. आणि मलाही माझं टोक सोडवेना.