डाव्या अंगाची धाप

साल एकोणीसशे त्रेचाळीस. मार्गशीर्ष सरत आला होता, शाळू पोटरीत होता. लढाईपायी पेट्रोल मिळेना, म्हणून मेढ्याची मोटार दोन वर्षांमागंच बंद पडली होती आणि टपाल पुन्हा माणसाच्या पायांवर आलं होतं. साताऱ्याहून कण्हेरपर्यंत थैली मी पळवायचो. कण्हेरहून पुढं मेढ्यापर्यंत नाथाजी.

गुंडा, तू भरतीसाठी पळतोस, संगं कुत्रं न्यायचं म्हणतोस. ने. पण आधी हे ऐक.

नाथाजीच्या घरी कोणी नव्हतं. बायको तापानं गेलेली, मूलबाळ नाही. पलूसकडच्या बिराप्पा धनगराकडून त्यानं कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्याचं पिल्लू आणलं. बिराप्पानं पैसा घेतला नाही. तो कुत्रं विकत नसे, शब्दावर देई.

"येकच अट हाय," बिराप्पा म्हणाला. "ह्येला वाटंत टाकून जायाचं न्हाई."

"न्हाई टाकणार."

नाव ठेवलं भुऱ्या. हाडं भरेपर्यंत वर्षभर त्याला पळवलं नाही. मग कमरेला दोरी बांधून अर्धा मैल, पुढं मैल. डाव्या अंगानं, नाक गुडघ्याशी. ससा उठला तरी मान वळवायची नाही. भाकरी पळून आल्यावर, धाप बसल्यावरच. पंजांना करंजाचं तेल. सहा महिन्यांत दोरी सुटली. कुत्रं सावलीसारखं पळू लागलं.

मी चेष्टा करायचो. "नाथा, पगार तुला का त्येला?"

"त्येला. म्या नुसतं वझं न्हेतो."

थैली वाटेत थांबत नाही, हा आमचा नेम. तिच्यात फौजेतल्या पोरांची पत्रं असायची. आया दारात बसून असायच्या.

कार्तिकात एका रात्री मेढ्याअलीकडच्या ओढ्याच्या मोरीवर भुऱ्याचा मागचा पाय दगडांच्या फटीत गेला आणि मोडला. नाथाजीनं तो सोडवला. त्याला उचलून बघितलं. थैली आणि कुत्रं, दोन्ही झेपेना.

"बस हितं. आलूच."

भुऱ्या बसला. शिकवलेलंच होतं.

थैली देऊन नाथाजी तसाच माघारी पळाला. मोरीवर पोचला तेव्हा उजाडलं होतं. दगडावर रक्त. कारवीच्या झुडपांत ओढत नेल्याची रेघ. बिबट्याचं काम.

मला एवढंच म्हणाला, "पळायला बगितलं न्हाई रं त्येनं. बस म्हनलं हुतं म्या."

पुढं महिनाभर असंच चाललं. थैली घ्यायचा, जायचा.

मग ती सोमवती अवस. रात्री साडेतीनला कण्हेरच्या धर्मशाळेत मी त्याला थैली दिली. शेकोटीला बस म्हणालो, बसला नाही. पुढचं त्यानं मला सांगितलं. एकदाच.

मैलभर गेल्यावर डाव्या अंगाला धाप ऐकू आली. खडीवर नखं वाजत होती. नाथाजीनं मान वळवली नाही. तो जोरात पळाला. धाप जोरात. तो हळू झाला. धाप हळू...

मोरी आली.

धाप थांबली.

तो पन्नास पावलं पुढं गेला. डावं अंग गार पडलं. मागं कण्हणं नाही. भुंकणं नाही. नुसतं... कोणीतरी बसलेलं.

"मग वो तात्या?"

गप ऐक.

नोकरीत त्याची थैली एकदाही थांबली नव्हती.

नाथाजी थांबला.

माघारी आला. थैली उतरवून मोरीवर ठेवली. "आलू रं," म्हणाला, आणि खाली बसला. मांडीवर वजन आलं. गार. त्यानं हात ठेवला...

तिथलं त्यानं मला सांगितलं नाही.

जाग आली तेव्हा झुंजूमुंजू होतं. मांडी रिकामी. थैली नाही.

मेढ्यापर्यंत तो चालत गेला. नोकरी गेली, बेडी पडणार, हे त्याला कळत होतं. पोस्टमास्तर अनंतराव ओट्यावर दात घासत होते.

"मास्तर, थैली गेली."

"कुठे गेली? रोजच्या वेळेला आली की. ओट्यावर टाकलीस आणि न बोलता निघून गेलास. धाप ऐकली मी तुझी."

नाथाजीनं रिकामी झालेली थैली परतीच्या टपालासाठी मागून घेतली.

पुढच्या रात्री कण्हेरात त्यानं ती थैली माझ्यापुढं ठेवली. मी कंदील जवळ घेतला. चामड्याचा पट्टा मधोमध दातांनी धरलेला होता. वरून वळ, खालून वळ. दिवसभर उन्हात राहिलेला पट्टा... बोटाला ओला लागला.

मी त्याच्याकडं बघितलं.

"फिटलं," नाथाजी म्हणाला, आणि मी साताऱ्याहून आणलेली थैली खांद्याला लावून निघाला.