लहान काटा, मोठा काटा

पाकिटावरचं लेबल वाचून काउंटरपलीकडचा तो तरुण गिऱ्हाईक म्हणाला, “झेंडूचं बी, बेचाळीस किलो… टेम्पो आणायला हवा होता का मी?”

असा राग आला मला! बियाण्यांचं दुकान आत्याचं, कॉम्प्युटर आत्याचा, बोलणी मात्र मी खायची. आमचे वजनकाटे दोन, एक पाकिटांचा, एक पोत्यांचा. वीज जाऊन आली की कॉम्प्युटर त्यांची अदलाबदल करायचा.

“कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो ना? बघू?” म्हणत तो काउंटरच्या आत आलासुद्धा. कॉलर अर्धी आत, अर्धी बाहेर. “जो काटा आधी जागा होतो, त्याला हा पहिला नंबर देतो. आपण नियम लिहू. केबल लावायच्या या पोर्टमधला ‘लहान काटा’, त्या पोर्टमधला ‘मोठा काटा’. केबल मात्र हलवायची नाही हं!”

चार ओळी लिहिल्या, ‘अडलं तर’ म्हणून फोन नंबर ठेवला आणि सगळं सुरळीत. माझा राग केव्हाच पळाला होता. पण आता हा कशाला येतोय परत?

मग काय… मंगळवारी मी केबल हलवली आणि त्याला फोन केला. शुक्रवारी पुन्हा. बुधवारी तिसऱ्यांदा. तो यायचा, केबल जागेवर लावायचा, गप्पा मारून जायचा. मी खुशीत! आत्या मात्र फणफणली, “आता बिघडला तर कॉम्प्युटर भंगारात, आणि तू हाताने लेबलं लिही.”

त्या बुधवारी त्याने कॉम्प्युटरमधल्या नोंदी उघडून दाखवल्या. “दहा पाचला केबल काढली. दहा सहाला दुसरीकडे लावली. दहा सातला मला फोन.” माझ्याकडे बघून म्हणाला, “तिन्ही वेळा हेच.”

माझे कान तापले. “तुम्हाला… पहिल्यापासून माहीत होतं?”

“हो.”

“मग बोलला का नाहीत?”

तो कॉलरशी चाळा करायला लागला. “प्रत्येक काट्याला स्वतःचा सिरियल नंबर असतो. नियम त्यावर लिहिला असता, तर केबल कुठेही लावा, नाव बदललंच नसतं.”

“आणि हे तुम्हाला—”

“पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. म्हटलं, कधी ना कधी हलेल केबल…”

लबाड! हसू की चिडू, कळेना.

“आता नीट लिहा,” मी म्हटलं. त्याने लिहिलं. मी दोन्ही केबल उपटून उलट्या लावल्या. नावं जागच्या जागी. बिघडायला काही उरलंच नाही. तो बॅग उचलेना, मी ‘या’ म्हणेना.

“मला तुम्ही आवडता,” शेवटी मीच बोलून टाकलं.

“मलाही… म्हणजे, तुम्ही. फार.”

“झालं का काम?” आतून आत्या.

“झालं!” आम्ही दोघंही एकदम ओरडलो.

“उद्या येऊ?” त्याने हळूच विचारलं. “काम काहीच नाहीये.”

“मग जरा लवकरच या,” मी म्हटलं.