रिकाम्या थडग्याचा दगड

"यंदा माझाच गोळा सगळ्यांत मोठा होणार," असे म्हणत इस्कोने शेजारच्या थडग्यावर ओघळलेले मेणबत्त्यांचे मेण बेलाशक खरवडून घेतले.

सर्व संतांच्या सणाची सुट्टी होती. पनाय बेटावरचे ते सारे गाव दफनभूमीत चटया पसरून जेवत होते, पत्ते खेळत होते. आणि इस्को, त्याची बहीण लिगाया व धाकटी नेनिंग दरवर्षीप्रमाणे मेण गोळा करत होती. एवढ्यात लिगाया थबकली. त्यांची आजी, लोला सेपा, केळीच्या पानात गुंडाळलेला गोड भात हातात धरून कुंपणाजवळच्या उघड्या मातीकडे पाहत उभी होती. तिथे तिच्या भावाच्या नावाचा दगड असे. क्रिसान्तो एकोणिसाव्या वर्षी कोरियातल्या युद्धात मारला गेला आणि तिथेच पुरला गेला. घरी आले ते केवळ त्याचे नाव; त्याच्या आईने ते दगडावर कोरून घेतले. आता तेही नाहीसे झाले होते.

गावप्रमुख बाल्तासारांनी समजूत घातली: दगडाखाली हाडे नव्हती, जागा मात्र अडत होती, साफसफाईत कुठेतरी गेला असेल. हुतात्म्यांवरच्या भाषणात शब्दांची उधळपट्टी करणारी माणसे हुतात्म्याला हातभर जमीन देताना अशी काटकसरी होतात.

"कुठेतरी म्हणजे कुठे, कपितान?" लिगायाने विचारले.

"मुलांनी मेण गोळा करावं."

मुलांनी आज्ञा पाळली. मेण गोळा करत ती बाल्तासार घराण्याच्या नव्याकोऱ्या समाधीपाशी पोचली. समाधीला चकचकीत फरशी, पण पायरी मात्र पावसाने काळवंडलेल्या जुन्या संगमरवराची. इस्कोने टाच आपटली. आवाज पोकळ आला. पायरी विटांवर टेकवलेली होती आणि खालच्या फटीत फक्त नेनिंगचा हात मावत होता. तिच्या बोटांना पायरीच्या खालच्या अंगाला खाचा लागल्या. तिने उन्हात मऊ झालेला इस्कोचा गोळा चपटा करून तिथे दाबला.

"अगं, माझा गोळा!"

"गप रे. चपटा परत देईन."

बाहेर आलेल्या मेणावर उलटी अक्षरे उठली होती. लिगायाने आईचा हातआरसा आणून त्यापुढे धरला. आरशात वाचता आले: क्रिसान्तो.

मुलांनी गाजावाजा केला नाही. समाध्यांवर तीर्थ शिंपडत फादर तिथे येईपर्यंत ती थांबली. मागे सारे गाव होते, आणि स्वागताला बाल्तासार पायरीवर उभे.

"कपितान, जरा खाली उतरता?" लिगाया म्हणाली. "तुम्ही आमच्या आजोबांच्या नावावर उभे आहात."

फादरांनी मेण आरशात पाहिले आणि पायरी उलटवायला सांगितली. कडेला सिमेंट लागलेले नाव वर आले.

"पण तिथे कुणी पुरलेलंच नाही," बाल्तासार पुटपुटले.

"तो इथे नाही, म्हणूनच दगड लागतो," लोला सेपा म्हणाली. "तो इथे असता, तर मला माती पुरली असती."

फादरांनी मुलांच्या पाठी थोपटल्या. बाल्तासारांनाही घाईघाईने मुलांच्या बुद्धीचे कौतुक सुचले. लोलाने ते मध्येच तोडले.

"कौतुक मग करा. आधी उचला."

गावासमोर नाही कसे म्हणणार? एका बाजूने त्यांनी दगड धरला, दुसऱ्या बाजूने त्यांच्या मुलाने. कुंपणापर्यंत जाताना त्यांना धाप लागली. जरा खाली टेकवू या, असे ते विनवू लागले. पुढे चालणाऱ्या लोलाने मागे वळूनही पाहिले नाही.

"खाली नाही ठेवायचा," ती म्हणाली. "खाली पुष्कळ दिवस होता."