चिमूटभर कूट

दुकानात सॉसच्या कपाटासमोर तो डोळ्याला भिंग लावून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत होता. तिला तीच बाटली हवी होती, आणि शेवटची होती.

“घड्याळं दुरुस्त करतो, म्हणून भिंग खिशातच असतं,” तो ओशाळून म्हणाला. “शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला, तरी माझा घसा आवळतो... म्हणून वाचतोय.”

“यात दाणे नाहीत. मी तीनदा वाचलंय.”

“तीनदा? मग तुम्हीच न्या. तुमच्याकडे ती जास्त सुखरूप राहील.”

त्यानंतरच्या महिन्याभरात तिचं धडधाकट घड्याळ चार वेळा बिघडलं.

शनिवारी संध्याकाळी तिने मित्रमंडळींना जेवायला बोलावलं, आणि त्यालाही. वाफवलेले डंपलिंग, नूडल्स, दोन वाट्या सॉस. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करणारी ती. ओटा दोनदा पुसला, पाकीट न् पाकीट वाचलं. मैत्रिणीला मात्र एवढंच बजावलं, “दाणे आणू नकोस, मला वास सहन होत नाही.” खरं कारण सांगितलं असतं, तर ‘तो कोण?’ हे आलंच असतं.

त्याने पहिला डंपलिंग सॉसमध्ये बुडवून तोंडात टाकला. “वा! कोणी केलं हे?”

“मीच. घाबरत घाबरत.”

“आधी काय पांचट होता गं तुझा सॉस!” मैत्रीण हसत म्हणाली. “शेवटी मीच घरून आणलेलं चिमूटभर कूट घातलं. आला का वास? नाही ना?”

तिने त्याच्या पुढ्यातली वाटी ओढून घेतली. “कुठल्या वाटीत?”

“त्या पलीकडच्या. पण... चमचा दोन्हीकडे एकच होता. का गं?”

त्याने शांतपणे काटा खाली ठेवला, बॅगेतून इंजेक्शन काढून तिच्या हातात दिलं. “ओठ सुजले, श्वास लागला, की मांडीवर टोचायचं. मग थेट हॉस्पिटल.”

मैत्रिणीचा नवरा गाडीची किल्ली घेऊन दाराशी उभा राहिला. नूडल्स गार होत होत्या. एका मुठीत इंजेक्शन, दुसऱ्या हातात त्याचं मनगट... ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली.

“अगं, मग सांगायचंस ना मला!” मैत्रीण रडकुंडीला आली. “वास काय, वास!”

“सांगितलं असतं, तर तू विचारलं असतंस, याची एवढी काळजी का...”

“का?”

“कारण मला हा हवाय!” तिचा आवाज फाटला. “ठणठणीत हवाय.”

दहा मिनिटं. वीस. एकदा तो खोकला, आणि तिने इंजेक्शनचं टोपण काढलंच.

“थांबा, थांबा... नुसता ठसका आहे. मिरचीचा.”

अर्धा तास उलटला. ओठ तसेच, श्वास तसाच. मैत्रिणीने गुपचूप दोन्ही वाट्या उचलून नेल्या. इंजेक्शन मात्र हिने अजून मुठीतच धरलं होतं.

“मीही घाबरलोय,” तो हळूच म्हणाला. “कुटाला नाही. मघाशी बोललात ते... मी जगतो की मरतो, या धास्तीने बोलून गेलात का?”

“नाही.”

“मग ‘हा’ म्हणालात, तेच राहू दे ना. अहो-जाहो कशाला?”

तिने मनगट सोडलं नाही.

“बरा आहेस ना रे... तू?”