तिसरं कडवं

चर्चमधल्या जुन्या पायपेटीसमोर ती बसली, चपला काढल्या, दोन्ही पाय भात्यावर ठेवले आणि पहिली पट्टी दाबली. तोच पेटीच्या पोटातून आवाज आला, "आई गं! बोट... बोट!"

ती ताडकन उठली. पेटी गेली दोन वर्षं घोरत होती, शिंकत होती, हे खरं. पण बोलली कधी नव्हती.

पेटीमागून आधी एक बॅटरी बाहेर आली, मग धुळीनं माखलेलं डोकं, आणि मग दुखरं बोट तोंडात धरलेला एक लांबलचक तरुण.

"पेटी दुरुस्त करणारा," तो म्हणाला. "पाळकसाहेबांनी बोलावलंय. तुम्ही?"

"पेटी वाजवणारी. पाळकसाहेबांची मुलगी." तिचे कान गरम झाले होते. "मला तुम्ही दिसलाच नाहीत."

"एरवी काय करता?"

"चष्म्याच्या दुकानात... डोळे तपासते."

त्यानं बोट तोंडातून काढलं, तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. "मग या शहराचं काही खरं नाही."

ती हसायचं नाही म्हणून खाली पाहू लागली, तर तिच्या चपला त्यानं बाहेर काढून ठेवलेल्या स्क्रूंवर पडलेल्या. मग मात्र तिला हसू आवरेना.

काम दोन शनिवारांचं होतं. पाचवा शनिवार उजाडला तरी पेटीचा कुठला ना कुठला सूर रुसलेलाच. आई गेल्यापासून घर सांभाळणाऱ्या आत्यानं एकदा चहा नेऊन दिला आणि परत येऊन भावाला सुनावलं, "दादा, ती पेटी दुरुस्त होतेय की नव्यानं जन्माला येतेय?"

पाळक वर्तमानपत्रामागे गेले.

दर शनिवारी काम संपलं की ती परीक्षा म्हणून एकच गीत वाजवायची, संध्याकाळचं, चार कडव्यांचं. आई तिला तेच म्हणून झोपवायची. तो हातोडी पिशवीत भरता भरता खालच्या पट्टीत गायचा. आवाज असा, की सागवानी बाकांनासुद्धा ऊब यावी. पण तिसऱ्या कडव्यात, दुसऱ्या ओळीला, तो गप्प व्हायचा. दर वेळी. तिथेच. आणि पुढच्या ओळीला अलगद परत यायचा.

"ओळ विसरता का?" पाचव्या शनिवारी तिनं विचारलंच. "लिहून देऊ?"

"पाठ आहे." तो पिशवीची चेन लावत राहिला. "'येशू, तूच देव माझा, तूच माझा किनारा.' किनाऱ्याबद्दल काही म्हणणं नाही. आधीचं... मला म्हणता येत नाही."

तिचे पाय भात्यावरच थांबले. पेटीनं शेवटचा उसासा टाकला.

मग त्यानं सांगितलं. शिंप्याच्या दुकानावरच्या एका खोलीत त्यांची छोटी मंडळी जमते. देव एकच, पिता. येशू त्याचा पुत्र, तारणारा, सगळ्यात प्रिय. पण देव नाही. "मी त्याच्या नावानं प्रार्थना करतो. त्याच्याकडे नाही करत. तोच म्हणाला ना, पिता आपल्यापेक्षा थोर आहे म्हणून?"

"तो माणूस होऊन आला होता तेव्हा म्हणाला!" ती एकदम उसळली. "आणि तो देव नसेल, तर मग क्रूसावर देवानं स्वतः काय सोसलं? दुसऱ्या कुणाला पाठवलं, एवढंच?"

त्यानं पिशवी खाली ठेवली आणि तिचा प्रश्न मनात घोळवला. हेच तिला आवडायचं, आणि आत्ता हेच नको होतं.

"बापानं मुलगा द्यावा... हे थोडं आहे का?" तो हळूच म्हणाला.

आई गेली त्या दिवसापासून ती रोज ज्याच्याशी बोलत आली होती, तो देव नव्हे असं हा म्हणत होता. आणि तरी हा बाहेर पडताना दार हळूच लावायचा, पेटी झोपलेली असल्यासारखं... तेही तिला तितकंच खरं वाटत होतं.

"त्या ओळीला गप्प असता, तेवढा वेळ करता काय?" तिनं पाठीमागून विचारलं.

"पेटी पूर्ण दुरुस्त झाली की सांगेन."

सहाव्या शनिवारी पेटीत दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हा तो सरळ घरी आला, विंचरलेल्या केसांनी, आणि पाळकांसमोर बसून म्हणाला, की त्याला त्यांच्या मुलीशी लग्न करायचं आहे. आणि त्याच दमात, की तो काय मानतो.

आत्या म्हणाली, "अरे बाबा, एक बातमी पचू दे, मग दुसरी वाढ!"

पाळकांनी चष्मा पुसला. लेकीनंच नंबर काढून दिलेला तो चष्मा ते अवघड वेळी पुसायचे. "मी लग्न लावीन तर माझ्या उपासनेनं लावीन. काही गाळणार नाही, काही लपवणार नाही. उद्या उपासनेला ये. सगळ्यांत बस. मला बघायचंय."

काय बघायचंय, ते त्यांनी सांगितलं नाही. पण तिला कळलं. व्यासपीठावरून पहिल्या दोन रांगांतले ओठसुद्धा दिसतात. तिसरं कडवं येईल, हा गप्प बसेल, आणि तिथेच सगळं संपेल.

रविवारची गीतपत्रिका तीच टाइप करायची. संध्याकाळचं गीत शेवटी होतं. तिनं तीनच कडवी टाइप केली. पहिलं, दुसरं, चौथं. एका ओळीसाठी माणूस गमवायचा का? येशूला माहीत आहे मला काय वाटतं, ती मनाशी म्हणाली. मात्र त्या दिवशी प्रार्थनेला बसायचं तिनं टाळलं.

उपासना नीट चालली. दुसऱ्या रांगेत आत्याशेजारी तो ताठ बसला होता. शेवटचं गीत आलं. पहिलं कडवं, दुसरं... आणि तिनं घाईघाईनं सूर चौथ्याकडे वळवला. अर्धी मंडळी गीत पाठ असल्यानं तिसऱ्यावर गेली, उरलेली पत्रिका बघून चौथ्यावर, आणि सगळ्यांची टक्कर झाली. कुणी खोकलं. कुणी थांबलं. पाळकांनी पत्रिका डोळ्यांजवळ नेली.

त्या गोंधळात दुसऱ्या रांगेतून कुणीतरी उभं राहिलं.

"पाळकसाहेब," तो म्हणाला, "एक कडवं राहिलंय. तिसरं."

ती त्याच्याकडे पाहतच राहिली. त्यानं मान एवढीशी हलवली. वाजव.

तिनं वाजवलं. पहिली ओळ सगळ्यांनी म्हटली, त्यानंही. दुसरी आली आणि त्याचा खालचा सूर नाहीसा झाला. भरलेल्या चर्चमध्ये तिला तेवढंच ऐकू येत होतं. आणि मग तिनं स्वतः गायलं. पेटी वाजवताना ती कधी गात नसे. तूच देव माझा... ओळ अर्धी सोडली नाही. किनाऱ्यापाशी तो परत आला आणि दोघांनी मिळून ते कडवं पुरं केलं.

चर्च रिकामं झालं, तशी ती त्याच्यावर धावलीच. "कशाला उठलास? मी सगळं नीट जमवलं होतं! तुझ्यासाठी..." 'तुम्ही' कुठे गळून पडलं ते तिलाही कळलं नाही.

"म्हणूनच उठलो. माझ्यासाठी तू तुझ्या देवाची ओळ गाळलीस. आज एक ओळ, उद्या अजून एक... मग एके दिवशी तू माझ्याकडे बघशील आणि तुला फक्त गाळलेलंच दिसेल." तो पेटीजवळ आला. "मला ती ओळ म्हणता येत नाही गं. पण तुझ्या तोंडून ती हिरावून घ्यायचीही नाही मला."

"झालं बोलून?" मागे पाळक उभे होते. त्यांच्यामागे आत्या, रुमाल नाकाला लावून.

"तीस वर्षं मी तिथून ओठ बघतोय," पाळक म्हणाले. "नुसतं तोंड हलवणारे पुष्कळ पाहिले. मला वाटलं होतं, मुलीसाठी तूही हलवशील. तसं केलं असतंस, तर आजच नाही म्हटलं असतं." मग ते लेकीकडे वळले. "आणि तू, बेटा, पुन्हा माझ्या गीतपत्रिकेला कात्री लावलीस तर बघ."

"बाबा..."

"लग्न लावीन की नाही, अजून कळत नाही मला. तुझं म्हणणं मला पटलेलं नाही, पटणारही नाही. गुरुवारी संध्याकाळी घरी ये. आपापलं बायबल उघडून बसू."

"येईन," तो म्हणाला. "पण मीही वाद घालणार."

"घालशील नाही तर काय! गेल्या दहा वर्षांत धड वाद घालणारं कुणी मिळालं नाही मला," पाळक पुटपुटले, आणि चष्मा न पुसताच बाहेर गेले.

"दर गुरुवारी एक पान जास्तीचं वाढावं लागणार म्हणायचं," आत्या रुमालातून म्हणाली आणि भावामागे निघाली.

दोघंच उरली. तिनं पेटीचं झाकण लावलं, मग पुन्हा उघडलं.

"पेटी दुरुस्त झाली ना आता? पूर्ण?"

"झाली."

"मग सांग. त्या ओळीला गप्प असतोस, तेव्हा काय करतोस?"

तो बाकाच्या कडेला टेकला. ज्या बोटावरून सगळं सुरू झालं, ते त्यानं तिच्या हाताशेजारी, पट्टीवर, अलगद ठेवलं.

"तुझं ऐकतो," तो म्हणाला. "आजवर नुसती पेटीच ऐकू यायची. आज पहिल्यांदा तू ऐकू आलीस."