विल्फला स्कोअर कोण सांगणार

दार लाव आधी. थंडी आत येतेय. गाडी ओढून न्यायला माणूस येईपर्यंत तासभर तरी जाणार, आणि हरलो म्हणून तोंडं पाडून बसू नका. ब्रॅकन्शॉ टाउन हरताना काय पहिल्यांदा बघताय? मी या क्लबला फुटबॉलच्या पहिल्या विभागात बघितलंय, तीस हजार माणूस ओरडताना. आता पाचव्या विभागातल्या चिखलातही बघतोय.

ऐका, एक सांगतो. आपल्या नॉरिसला झालेलं. हो, तोच, मैदान राखणारा नॉरिस टॅटरसॉल. हसतोस काय रे? त्याच्या तोंडून ऐकलंय मी, आणि शेवटचं तर या डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या नोव्हेंबरची चौदा तारीख, शुक्रवार. क्लबात मटणाची सोडत झाली. मेंढीची तंगडी लागली नव्या वसाहतीतल्या एका बाईला. नॉरिस म्हणाला, "मी देतो जाता जाता. माझ्या वाटेवरच आहे." बाहेर धुकं होतं. तंगडी काखेत मारून निघाला.

आता ती वसाहत म्हणजे आपलं जुनं मैदान, टॅनरी लेन. तुमच्यातल्या निम्म्यांनी पाहिलंही नसेल. क्लब कर्जात बुडाला, मैदान विकलं, घरं उभी राहिली. आपल्यात रीत होती, हाडाचा टाउनवाला गेला की त्याची राख मैदानात पुरायची, बहुतेकांची गोलमागे. विकताना क्लबनं घरच्यांना शब्द दिला, की राखेवरची हिरवळ मातीसकट उचलून नव्या मैदानात नेऊ. काम आलं नॉरिसवर. बाळ उचलावं तसं त्यानं एकेकाला उचललं. शेवटी राहिला विल्फ ऑर्मरॉड.

विल्फला गोलमागची गर्दी कधी आवडली नाही. जन्मभर डाव्या कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी उभा राहिला, म्हणून राखही तिथेच. आणि ती संध्याकाळ शेवटची. पाऊस, अंधार, ट्रकवाला हॉर्न वाजवून शिव्या देतोय. नॉरिस दमून गेला होता. त्यानं गोलमागचाच एक रिकामा तुकडा कापला आणि ट्रकवर टाकला. म्हणाला, पहाटे येऊन खरा विल्फ नेतो. पहाटे आला, तर यंत्रांनी कोपरा कधीच खणून टाकलेला.

आणि नव्या मैदानात गोलमागे त्या रिकाम्या मातीपाशी विल्फची बायको एनिड दर शनिवारी येऊन बसायची. घडीची खुर्ची, थर्मास. म्हातारपणी विल्फला दिसेनासं झालं, तेव्हापासून तीच त्याला सामना सांगायची. तो गेला तरी सांगायची थांबली नाही. "विल्फ, दोन-एक. त्या रेफ्रीपेक्षा तुला बरं दिसायचं रे!" जाताना नॉरिसचा हात दाबायची. "तू आणलास हो त्याला." नॉरिसला घरी गेल्यावर घास गिळवत नसे. दर शनिवारी ठरवायचा, आज सांगायचंच. पण तिच्यासमोर तोंड उघडत नसे.

तर तंगडी दिली आणि तो घराकडे निघाला. वसाहतीच्या टोकाला रस्ता वळतो ना, तिथेच तो कोपरा होता. धुक्यात दिव्याचा नुसता पिवळा ठिपका. मागे कुणीतरी खोकलं.

"किती झाले रे?"

सवयीनं, मागे न बघता, नॉरिस बोलून गेला. "गेल्या शनिवारी? तीन-एक. हरलो."

मग...

"मला कुणी सांगितलंच नाही."

नॉरिस थांबला. आवाज विल्फचा होता. रागाचा नव्हता... तेच वाईट.

"एनिड बरी आहे ना? येत नाही ती आता सांगायला."

येते, दर शनिवारी येते, असं नॉरिसला म्हणायचं होतं.

"रुसलीय का माझ्यावर?"

नॉरिस वळला.

कुणी नव्हतं.

तसाच माझ्याकडे आला. सगळं ओकला. मी म्हटलं, "गाढवा, आत्ताच्या आत्ता जा आणि सांग तिला!" म्हणाला, "उद्या सामना आहे. संपला की सांगतो." सामना संपला. एनिडनं त्याला थर्मासमधला चहा दिला. तो प्यायला आणि घरी गेला.

डिसेंबरात एनिड गेली. झोपेतच.

तिची इच्छा एकच, राख विल्फच्या शेजारी ठेवा. खड्डा नॉरिसनंच खणला. लेक रडत म्हणाली, "आता दोघं एकत्र आहेत." सगळ्यांनी माना हलवल्या. नॉरिस खाली बघत माती लोटत राहिला. मी शेजारीच उभा होतो.

मग जानेवारी. नऊ तारीख, पुन्हा शुक्रवार. दुसऱ्या दिवशी सामना, म्हणून नॉरिस अवजारांच्या खोलीतच झोपणार होता. आधी गोलमागे गेला. टोपी काढली. "एनिड, विल्फ इथे नाही. कधीच नव्हता. तो टॅनरी लेनलाच राहिला. माझ्यामुळे. तू एकटीच बोलत होतीस, आणि मी बघत होतो... मला माफ कर."

मग टोपी घातली.

आत येऊन त्यानं कडी लावली. रात्री सगळं गोठलं.

पहाटे मला त्याचा फोन. नुसतं "ये" म्हणाला.

गोठलेल्या गवतावर पाय पडला की गवत मरतं. अशा दिवशी नॉरिस मैदानात कुत्रं फिरकू देत नाही. गेलो, तर सगळं पांढरं. आणि त्यावर पावलं... बाईच्या बुटांची, लहान. एनिडच्या जागेपासून निघालेली. मला वाटलं, फाटकाकडे गेली असतील. टॅनरी लेनच्या वाटेला.

नाही.

सरळ नॉरिसच्या खोलीकडे. दाराशी दोन्ही शेजारी शेजारी, टोकं दाराकडे. परत फिरलेलं एकही नाही.

तो आतच होता रात्रभर.

ऊन आलं, मैदान हिरवं झालं. चार दिवसांनी त्या पावलांखालचं गवत तेवढं काळं पडलं. नॉरिसनं दोनदा नवी हिरवळ लावली. दोन्ही वेळा तेवढीच पावलं काळी पडली... आणि दारापाशीची जोडी आता उंबऱ्याच्या आत आहे. फरशीवर.